वेण्णा, कोयना आणि कास : तीन जलाशयांच्या काठाने

सातारा शहराला पाणी एकाच ठिकाणाहून येत नाही. पश्चिमेकडच्या पेठांना कासचे पाणी मिळते, काही भागाला उरमोडी नदीवरील शहापूर योजनेचे, उपनगरांना कृष्णेचे, आणि शाहूपुरीसाठी कण्हेर धरणाच्या पाण्याची वेगळी योजना झाली. आम्ही राहतो तो भाग कासच्या वाट्याचा. गंमत अशी की ज्या तलावाचे पाणी आपण पितो, त्याच तलावावर रविवारी डबे घेऊन सहलीला जाण्याची सातारकरांची जुनी सवय आहे, आणि महाबळेश्वरच्या वेण्णा लेकमध्ये नौकाविहार करणाऱ्या बहुतेक पर्यटकांना तो गावाच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव असल्याचा पत्ताही नसतो. एकच पाणी पिण्यासाठीही राखायचे आणि मौजेसाठीही खुले ठेवायचे, हे जमते कसे, ते एकदा सलग फिरून पाहावे असे बरेच दिवस मनात होते. कार्तिकात तो योग आला. माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सांगलीहून आले. दाजींची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली असल्याने धरण दिसले की ते गाडी थांबवायला लावणार, हे आम्ही गृहीतच धरले होते.

पहिला दिवस : कण्हेर, मेढा, वेण्णा लेक

साताऱ्याहून महाबळेश्वरला जाण्याचा नेहमीचा रस्ता वाई-पाचगणीचा. आम्ही मुद्दाम मेढ्याचा रस्ता धरला, कारण तो वेण्णा नदीच्या खोऱ्यातून वर चढतो. वेण्णा महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते, मेढ्यावरून खाली येते, कण्हेरला अडवली जाते आणि साताऱ्याच्या पूर्वेस माहुलीला कृष्णेला मिळते. माहुलीचा संगम आम्हा सर्वांचा शंभर वेळा पाहून झालेला असल्यामुळे तो या वेळी वगळला आणि नदीच्या उलट दिशेने प्रवास सुरू केला.

कण्हेरचे धरण शहरापासून इतके जवळ आहे की त्याचे कुणाला अप्रूप वाटत नाही. १९८६ च्या सुमारास पूर्ण झालेले हे मातीचे धरण जवळजवळ दोन किलोमीटर लांब असून त्याची साठवणक्षमता १०.१० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. सांडव्यावर वक्राकार दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडल्याची बातमी आली की वेण्णाकाठच्या गावांना सावध केले जाते. कार्तिकात मात्र दरवाजे बंद, पाणी काठोकाठ आणि वारा अजिबात नाही, असा देखावा होता. आतल्या बाजूच्या उतारावर बसवलेल्या दगडांच्या अस्तराला, ज्याला खात्यातले सगळे पिचिंगच म्हणतात, पाणी अगदी हलके चाटून जात होते.

दाजींना मात्र पाण्याच्या बाजूपेक्षा कोरड्या बाजूत अधिक रस होता. ओळख निघाल्यामुळे चौकीवरच्या माणसाने आम्हाला पायथ्यापर्यंत जाऊ दिले. तेथे गवतातून एक छोटा बांधीव चर जातो आणि त्यातून मनगटाएवढ्या जाडीची पाण्याची धार वाहत होती. चराच्या तोंडाशी त्रिकोणी खाच कापलेली लोखंडी पट्टी बसवलेली होती आणि तिच्या बाजूला रंगाने आकडे घातलेली मोजपट्टी. ताई दचकली. “अहो, हे गळतंय की!” दाजी हसले. मातीचे धरण पाझरणारच, ते पाझरू नये असा कुणाचा आग्रहही नसतो. ते पाणी वाट करून देऊन एका जागी आणायचे आणि रोज किती येते ते मोजायचे, एवढेच पाहायचे असते, असे त्यांनी समजावून सांगितले. मग ते उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेतले आणि उन्हाकडे धरले. पाणी नितळ होते. “असं स्वच्छ येतंय तोवर झोप लागते,” ते म्हणाले. “गढूळ आलं की समजायचं, पाण्याबरोबर आतली माती निघाली. मग रात्री-बेरात्री धावावं लागतं.” पुढे तीन जलाशय पाहिले, परंतु धरण म्हणजे काय हे मला त्या चराच्या तोंडाशी जितके कळले तितके नंतर कुठे कळले नाही.

कण्हेरच्या फुगवट्याला वळसा घालत मेढ्याला पोहोचलो, चहा घेतला आणि पुढे निघालो. जावळी तालुक्याचे हे ठाणे एरवी थांबण्याजोगे आहे, पण त्या दिवशी आठवडी गर्दीमुळे गाडी लावायला जागा मिळेना.

केळघर घाट चढताना हवा प्रत्येक वळणाला गार होत जाते. सातारा जिल्ह्याच्या पाण्याची सारी गोष्ट या चढणीत सामावलेली आहे. वर महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तेथून सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना दहापटींहून अधिक फरक असेल, तर डोंगरात पडलेले पाणी अडवून पूर्वेकडे नेण्यावाचून गत्यंतर नसते. आणि तरीही, एवढा पाऊस अंगावर घेणाऱ्या महाबळेश्वरातच उन्हाळ्यात टँकरची भाषा सुरू होते. जांभ्याचे सच्छिद्र पठार, तीव्र उतार आणि चार महिन्यांत सगळे पाणी दऱ्यांत धावून जाणे, ही त्याची कारणे आहेत. पाऊस किती पडतो यापेक्षा तो थांबतो किती, हा इथला खरा प्रश्न आहे, आणि वेण्णा लेक हे त्याचे पहिले उत्तर.

हा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज यांनी बांधवून घेतला. त्यांचे थोरले बंधू प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, महाबळेश्वरला गोऱ्या साहेबांची वसाहत झाली होती. तिला माल्कम पेठ असे नाव पडले. वस्ती वाढली की भाजीपाल्याचे मळे वाढतात, मळे वाढले की बारमाही पाणी लागते. तेव्हा वेण्णेच्या अगदी वरच्या अंगाला, जेथे नदी म्हणजे केवळ पाणथळ ओहोळ असते, तेथे बांध घालून पाणी अडवण्यात आले. सुमारे २८ एकरांचा हा तलाव आज महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांना पाणी देतो. त्याच्या सांडव्यावरून गेलेले पाणी थोडे पुढे जाऊन लिंगमळ्याच्या कड्यावरून धबधब्याच्या रूपाने खाली झेपावते. म्हणजे सकाळी कण्हेरला जे पाहिले, त्याचीच ही वरची पायरी.

दुपारी तीननंतर तलावाच्या काठी जत्रा असते. मक्याची कणसे, कॉर्न पॅटिस, लाल गाजरांच्या जुड्या, हंगामातली पहिलीवहिली आंबट स्ट्रॉबेरी, नेमबाजीचे फुगे आणि घोडेवाले. नावेच्या तिकिटासाठी आम्ही अर्धा तास रांगेत उभे राहिलो. येथे आम्हाला दिसल्या त्या सर्व नावा वल्ह्यांच्या किंवा पायाने चालवायच्या होत्या, इंजिनाची एकही नव्हती, आणि दाजींनी ही गोष्ट मान हलवून पसंत केली. पिण्याच्या पाण्यावर डिझेलचा तवंग नको, इतके भान जरी पाळले तरी निम्मे काम झाले, असे त्यांचे म्हणणे. वल्हवणारा मुलगा जवळच्या गावातला होता. तलाव किती खोल आहे असे ताईने विचारल्यावर तो म्हणाला, “मावशी, खोली विचारू नका, जाकिटाचा पट्टा आवळा.”

मधोमध गेल्यावर गोंगाट मागे पडतो आणि मग काठ दिसू लागतो. तो पाहून मात्र बरे वाटले नाही. घोड्यांच्या फेऱ्यांची वाट जेथे पाण्याच्या कडेने जाते, तेथे लीद आणि कणसांची बुरखुंडे एकत्र साचली होती, आणि त्यांचा उतार तलावाकडेच होता. पाणी नळात येण्यापूर्वी शुद्ध होते हे खरे. तुरटीने गाळ बसवला जातो, वाळूच्या थरांतून पाणी गाळले जाते, क्लोरिन मिसळले जाते. परंतु शुद्धीकरण आहे म्हणून काठ कसाही वापरावा, हा हिशेब उलटा आहे. घोडेवाल्यांचे पोट त्या वाटेवर आहे, ते काढून टाका असे मी म्हणणार नाही. वाट वीस-पंचवीस पावले मागे घेतली आणि मध्ये एक चर काढला, तर दोन्ही गोष्टी साधतील, असे दाजींनी नावेतच बोटाने हवेत रेघ ओढून दाखवले.

संध्याकाळी थंडी झपाट्याने उतरली. तलाव गावापेक्षा सखल जागी असल्यामुळे थंड हवा तेथे साठते, आणि ऐन हिवाळ्यात काही पहाटे नावांच्या धक्क्यावरचे दवबिंदू गोठून पांढरे होतात. त्याची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. आम्हाला तो प्रकार दिसण्याइतकी थंडी नव्हती, पण शाल दोनदा गुंडाळावी लागली.

दुसरा दिवस : क्षेत्र महाबळेश्वर, तापोळा, बामणोली

सकाळी क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम येथे मानतात. यांतली सावित्री कोकणात उतरते. वेण्णा आणि कोयना मात्र वेगवेगळ्या खोऱ्यांतून फिरून शेवटी कृष्णेलाच मिळतात, एक माहुलीला आणि दुसरी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर. काल एकीच्या काठाने वर आलो होतो, आज दुसरीच्या खोऱ्यात उतरायचे होते.

महाबळेश्वर ते तापोळा हा रस्ता पंचवीस-तीस किलोमीटरचा, पण वळणांमुळे तासाच्या वर वेळ घेतो. झाडी विरळ झाली की एका वळणावर खाली शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, दिसतो. डोंगरांच्या बोटांमधून पाणी शिरलेले आणि मधली टेकाडे बेटांसारखी उरलेली. लोक या भागाला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. मला हे नाव कधीच आवडलेले नाही. काश्मिरातला दल सरोवराचा देखावा निसर्गाचा आहे. हे पाणी येथे आणले गेले आहे, आणि ज्यांच्या शेतांवर ते आणले गेले त्यांतली कित्येक कुटुंबे पुनर्वसनात ठाणे आणि रायगडपर्यंत गेली.

कोयना धरण येथून दूर दक्षिणेला, पाटण तालुक्यात आहे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ते उभे राहिले; उंची १०३ मीटर, लांबी सुमारे ८०८ मीटर, आणि आजची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले, धरणाला तडे गेले, पण धरण टिकले आणि नंतर त्याला मजबुती देण्यात आली. त्याचा फुगवटा पन्नास किलोमीटरहून लांब उत्तरेकडे पसरला, आणि तापोळा-बामणोली ही गावे त्या फुगवट्याच्या वरच्या टोकाला आहेत. कोयनेला सोळशी आणि कांदाटी या नद्या येथेच येऊन मिळतात.

तापोळ्याला दुपारी पोहोचलो. येथे गाडीसकट पलीकडे जाण्यासाठी तराफा आहे. आमच्या आधी एक जीप, दोन दुचाक्या, सिमेंटच्या गोण्या आणि दवाखान्यातून परतणारे एक म्हातारे जोडपे चढले होते. तराफा सुटला तेव्हा पाण्यातून वर आलेले नव्या पुलाचे खांब दिसले. तो पूल झाला की हा तराफा कदाचित केवळ हौसेचा उरेल. आजच्या घडीला मात्र तो या लोकांचा रस्ता आहे. वेण्णा लेकमध्ये नाव ही करमणूक असते. येथे तीच नाव बाजाराला जाते, शाळेला जाते, बाळंतिणीला घेऊन जाते, आणि उरलेल्या वेळात पर्यटकांना वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी सोडून येते. तेथे जायला बामणोलीला वन विभागाची परवानगी काढावी लागते, कारण ते सारे जंगल कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते.

पलीकडच्या काठाने बामणोलीला आलो आणि एका घरगुती निवासात उतरलो. संध्याकाळी तासाभरासाठी लाँच ठरवली. लाँचवाले काका साठीच्या घरातले होते. मधोमध आल्यावर त्यांनी इंजिन बंद केले आणि बोटाने खाली दाखवून म्हणाले, “हितं आमचं जुनं गाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांध दिसत्यात. वरच्या अंगाला गाळपेर करतो.” पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत दोन-तीन महिन्यांचे पीक घेण्याची ही रीत आहे, गाळ सुपीक असतो, खत लागत नाही, फक्त पाऊस वेळेआधी आला तर उभे पीक पाण्यात जाते. काकांच्या आजोबांची जमीन ज्या पाण्याखाली आहे, त्याच पाण्यावर ते आता पर्यटकांना फिरवतात. हे त्यांनी कुठलाही कढ न आणता सांगितले आणि लगेच, माणशी दर का वाढवावा लागला त्याचा हिशेब सुरू केला.

रात्री नाचणीची भाकरी, तांदळाची भाकरी असे दोन्ही होते, आणि जलाशयातल्या माशांचे कालवण. जेवताना ताई आणि दाजी यांचे चांगलेच जुंपले. कोयनेच्या पाण्यापैकी वर्षाला ६७.५ टीएमसी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायचे, असे कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवून दिले आहे. ते पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीच्या बाजूला उतरते, टर्बाइन फिरवते आणि वाशिष्ठी नदीतून चिपळूणमार्गे समुद्राला मिळते.

“म्हणजे दोन वाटे पाणी समुद्रात,” ताई म्हणाली, “आणि आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली मे महिन्यात गुडघाभरही नाही. मग कोयनेतून पाणी सोडा म्हणून आम्ही ओरडायचं.”

“पाणी समुद्रात जातं हे खरं, पण जाताना उजेड देऊन जातं,” दाजी म्हणाले. “संध्याकाळी सगळ्यांनी एकदम दिवे लावले की कोळशाचं केंद्र पटकन वाढवता येत नाही. कोयना काही मिनिटांत वाढवता येते. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट आहेत. ते तू कुठून आणणार?”

“ते तुम्ही बघा. मला प्यायला पाणी पाहिजे.”

दोघांचेही खरे आहे, आणि दोघांपैकी कुणीही माघार घेणार नाही हे ठाऊक असल्यामुळे मी ताक मागवले. एवढे मात्र ध्यानात आले की सांगली, मिरज, कऱ्हाड ही गावे कोयनेच्या पाण्यावर किती अवलंबून आहेत हे या खोऱ्यात बसून जितके जाणवते, तितके खाली पात्राच्या काठावर राहून जाणवत नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनाही उन्हाळ्यात याच धरणातून सोडलेल्या पाण्याकडे डोळे लावून असतात.

तिसरा दिवस : कास, सांबरवाडी, सातारा

बामणोलीहून कासचा घाट चढताना धुके होते. फुलांचा हंगाम संपून महिना उलटून गेला होता, त्यामुळे रस्त्यावर गर्दी नव्हती. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले, आणि तेव्हापासून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथे वाहनांची रीघ लागते. आता गवत पिवळे पडले होते आणि जांभ्याचा उघडा कातळ पायाखाली खरखरत होता. याच कातळावर मातीचा थर इतका पातळ असतो की पावसाळ्यात उगवणाऱ्या काही वनस्पतींना पोषणासाठी किडे पकडावे लागतात. जेथे माती नाही तेथे पाणी मुरायला अडथळाही नाही. जांभ्याच्या भेगांतून ते खाली जाते, कठीण बेसॉल्टवर आडवे सरकते आणि डोंगराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. कास तलावाला पावसाळा संपल्यावरही काही काळ पाणी येत राहते ते या मुरण्यामुळे. पठारावर गाड्या, बांधकामे आणि हॉटेले वाढू देऊ नयेत असे अभ्यासक सांगतात, तेव्हा ते केवळ फुलांबद्दल बोलत नसतात.

कासचा तलाव ब्रिटिश अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सातारा शहरासाठी बांधण्यात आला. त्याची थोरवी अशी की पाणी शहरात आणायला पंप लागला नाही. तलाव शहरापेक्षा साडेतीनशे-चारशे मीटर उंचावर. डोंगराच्या कडेकडेने उतार साधत पाट काढला आणि पाणी आपल्या पायांनी यवतेश्वरपर्यंत चालत आले. विजेचे बिल नसलेली पाणीयोजना ही आजच्या नगरपालिकांच्या दृष्टीने केवढी चैन आहे, हे दाजींनी मला दोन वेळा सांगितले. उघड्या पाटाचा तोटाही तेवढाच उघड होता : पाने, माती, गुरे, गळती. पुढे जलवाहिनी आली आणि पाटाचे महत्त्व कमी झाले.

जुन्या तलावाची साठवण सुमारे ०.१ टीएमसी होती. अलीकडे धरणाची उंची वाढवून ती सुमारे पाचपट, म्हणजे ०.५ टीएमसीच्या घरात नेण्यात आली. कोयनेपुढे हा आकडा अगदीच किरकोळ वाटतो, म्हणून दाजींनी बांधावर बसून पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. एक टीएमसी म्हणजे २,८३० कोटी लिटरच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत सातारा शहराची लोकसंख्या १ लाख २० हजार होती. माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले तर दिवसाला १ कोटी ६२ लाख लिटर लागतात. जुन्या तलावाने एकट्याने सारे शहर पाजायचे म्हटले असते, तर तो पावणेदोनशे दिवसांत आटला असता. बाष्पीभवन आणि गळती जमेस धरली तर त्याहूनही लवकर. आणि आपल्याकडे पावसाळा संपल्यापासून पुढचा येईपर्यंत आठ महिने जातात. कास शहराच्या एकाच भागाला पाणी देत असूनही दर एप्रिल-मेमध्ये तळ का दिसायचा आणि पाणीकपात का व्हायची, ते त्या पाकिटावर स्पष्ट झाले.

वाढलेल्या पाण्याने तलावाचे रूप बदलले आहे. आमच्या शाळेच्या सहली ज्या काठावर बसायच्या तो काठ आता पाण्याखाली आहे. जुना बामणोली रस्ताही काही अंतर पाण्यात गेला आणि नवा रस्ता वरून वळवावा लागला. पाण्यात उभी असलेली काही झाडे वाळून पांढरी पडली आहेत आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. जुना काठ गवताने, शेवाळाने, झाडांच्या मुळांनी बांधलेला होता; नव्या पाण्याचा काठ अजून कच्चा आहे, लाल मातीचा, पाऊल ठेवले की भसकन खचणारा. दाजींना हीच बाब खटकली. काठ जोवर गवत धरत नाही तोवर प्रत्येक लाटेबरोबर थोडी माती आत जाते, आणि तलावात गेलेला गाळ परत काढणे हे धरणाची उंची वाढवण्याइतकेच खर्चिक काम असते.

त्यावरून नौकाविहाराचा विषय निघाला. कासमध्ये नावा सुरू कराव्यात अशी चर्चा साताऱ्यात अधूनमधून होते. आम्ही गेलो तेव्हा पाण्यावर एकही नाव नव्हती. ताईचे मत असे की वेण्णा लेकला चालते तर येथे का नको, चार पोरांना रोजगार मिळेल. माझा याला विरोध आहे, आणि तो नावेला नसून नावेमागून येणाऱ्या गोष्टींना आहे. नाव आली की धक्का येतो, धक्क्याला रस्ता, रस्त्याला वाहनतळ, वाहनतळाला भजी-कणसांच्या टपऱ्या, आणि मग वेण्णा लेकच्या काठावर परवा जे पाहिले ते येथेही दिसू लागते. वेण्णा लेक गावाच्या अंगणात आहे, तेथे माणसांना दूर ठेवणे शक्यच नव्हते. कासला ते अजून शक्य आहे. मात्र तलावाला कुंपण घालून लोकांना काठावरही फिरकू द्यायचे नाही, या सूचनेलाही माझा तितकाच विरोध राहील. उन्हाळ्यात काठावरच्या बाटल्या वेचायला जी साताऱ्यातली मुले-माणसे पदरचे पेट्रोल घालून येतात, ती लहानपणी येथे डबा खायला आलेली आहेत म्हणूनच येतात. त्या दिवशीही काठाच्या झुडपांत आम्हाला प्लास्टिकचे ग्लास आणि फुटलेल्या काचा दिसल्याच. काचा आम्ही उचलल्या. पाण्याच्या काठी अनवाणी चालणाऱ्या गुराख्यांना त्यांचा सर्वांत जास्त त्रास होतो.

दुपारी साताऱ्याकडे निघालो. यवतेश्वरच्या अलीकडे सांबरवाडीला जलशुद्धीकरण केंद्र आहे. कासचे पाणी येथे येऊन शुद्ध होते आणि मग शहरातल्या टाक्यांकडे उतरते. केंद्रात आत जाता आले नाही, पण कुंपणाबाहेर उभे राहिले तरी क्लोरिनचा हलका वास जाणवतो. येथून यवतेश्वराचा घाट उतरू लागले की समोर अजिंक्यतारा आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेले शहर एकदम दिसते, आणि पाणी उताराने येते म्हणजे काय ते नकाशाविना समजते.

दाजी रात्रीच्या गाडीने सांगलीला गेले. ताई एक दिवस मागे राहिली, कारण तिला महादरेचे हत्ती तळे पाहायचे होते. कास होण्यापूर्वी साताऱ्याची तहान यवतेश्वर आणि महादरे या डोंगरांतल्या पाण्यावर भागत असे. मराठेशाहीतल्या खापरी नळांनी ते पेठांतल्या हौदांपर्यंत येई, आणि नळांत हवा कोंडू नये म्हणून वाटेत दगडी उच्छ्वास उभारलेले असत. तळ्याचे घडीव दगडांचे काम अजून भक्कम आहे आणि आत पाणीही आहे. तेथे जाणारी वाट मात्र घाणेरीत इतकी बुडाली आहे की रस्ता विचारत विचारत जावे लागले. कुणाला जायचे असल्यास पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, सकाळच्या वेळी जावे.